झिका : नोंद होती, प्रश्न नव्हता

जून २०२४ मध्ये पुण्यात एरंडवण्याला झिकाचे रुग्ण सापडले, तेव्हा माझी भाची पाचव्या महिन्यात होती आणि तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. महापालिकेचे कर्मचारी घरोघर जाऊन कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करत होते, फ्रीजमागचे पाणी ओतून देत होते आणि घरात गरोदर कोणी आहे का, हे विचारून रक्ताचे नमुने घेत होते. नमुना दिल्यावर तिचा मला फोन आला. "मामा, तू जुनी कागदपत्रं चाळत असतोस ना? हा आजार आला तरी कुठून? आणि आधी कुणालाच कसं कळलं नाही?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला थोडेफार ठाऊक होते. दुसऱ्यासाठी मात्र बरेच वाचावे लागले. मी डॉक्टर नाही. विज्ञानाचा इतिहास वाचण्याची आवड एवढेच माझे भांडवल. पण त्या वाचनातून जे हाती आले, ते केवळ भाचीपुरते नाही असे वाटले, म्हणून हा लेख.

युगांडात एंटेबीजवळ झिका नावाचे रान आहे. लुगांडा भाषेत या शब्दाचा अर्थ दाट वाढलेले. तिथे पीतज्वराचा शोध घेणाऱ्या संशोधकांनी झाडांवर मचाणे बांधून पिंजऱ्यांत माकडे ठेवली होती. डास चावावेत आणि माकडाला ताप आला की रक्त तपासावे, अशी ती योजना. माकडे ऱ्हीसस जातीची, म्हणजे भारतीयांच्या ओळखीची लाल तोंडाची. एप्रिल १९४७ मध्ये ७६६ क्रमांकाच्या माकडाला ताप आला आणि त्याच्या रक्तातून एक नवा विषाणू मिळाला. पुढच्याच वर्षी तो त्याच रानातल्या एडिस जातीच्या डासांतही सापडला. डिक, किचन आणि हॅडो या तिघांनी १९५२ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. हा विषाणू उंदरांच्या मेंदूत शिरून तिथे नासधूस करतो, हेही तेव्हाच छापले गेले. मेंदूकडे बोट दाखवणारी ती पहिली नोंद. पण माणसात तो सौम्य दिसला. अंगावर पुरळ, बारीक ताप, लाल डोळे, सांधेदुखी आणि आठवडाभरात सारे ठीक. बहुतेकांना तर लागण झाल्याचे कळतही नाही. साहजिकच तो विषाणू कपाटात गेला.

दुसरी नोंद आपल्या पुण्यातली आहे. १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था ती हीच. स्मिथबर्न, केर आणि गटणे या संशोधकांनी भारतातील रहिवाशांच्या रक्तात कोणकोणत्या विषाणूंची प्रतिपिंडे आहेत हे तपासून १९५४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. झिकासाठी तपासलेल्या १९६ नमुन्यांपैकी ३३ नमुन्यांत विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे मिळाली. इथे घाई करून चालणार नाही. डेंगी हा झिकाचा भाऊबंद असल्याने एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीत घोटाळा करू शकतात. त्यामुळे या ३३ जणांना झिकाच झाला होता, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही भारतात या विषाणूचे नाव सत्तर वर्षांपूर्वी कागदावर आले होते आणि तेही पुण्याच्याच संशोधनातून, एवढे खरे.

मग कुणाला कळले कसे नाही? याचे उत्तर मला झिकाच्या इतिहासात मिळाले नाही. ते मिळाले एका जुन्या ऑस्ट्रेलियन हकीकतीत. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे एकामागून एक येऊ लागली. त्यांनी मातांना गरोदरपणात काय झाले होते ते विचारले. आपल्या व सहकाऱ्यांकडच्या मिळून ७८ बाळांपैकी ६८ जणांच्या आयांना सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला, म्हणजे जर्मन गोवर होऊन गेला होता. असल्या किरकोळ आजाराने एवढे होईल यावर अनेकांचा विश्वास बसेना. ग्रेग यांनी आपले म्हणणे सिद्ध केले असे म्हणता येत नाही, असा शेरा 'लॅन्सेट'ने १९४४ मध्येही मारला. पुढे लँकेस्टर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाच्या जुन्या जनगणना उघडल्या. १९११ च्या जनगणनेत दहा ते चौदा वर्षांच्या मुलांमध्ये बहिऱ्यांचा आकडा चढलेला होता. १९२१ मध्ये तोच उंचवटा वीस ते चोवीस वयोगटात सरकला होता. १८९९ च्या आसपास जन्मलेली ती पिढी रुबेलाची साथ अंगावर घेऊन आली होती. आकडे चाळीस वर्षे छापलेले होते. त्यांना आईच्या आजारपणाशी जोडून पाहणारा कोणी नव्हता.

झिकाचेही अगदी हेच झाले. २००७ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या याप बेटावर मोठी साथ आली आणि तीन वर्षांवरील सुमारे ७३ टक्के रहिवाशांना लागण झाल्याचा अंदाज निघाला. कोणी दगावले नाही, इस्पितळात दाखल झाले नाही. पण बेटाची वस्तीच जेमतेम सात हजारांची. तिथे वर्षाला जन्म ते किती होणार, आणि त्यात क्वचित होणारी हानी नजरेत कशी भरणार? २०१३-१४ मध्ये साथ फ्रेंच पॉलिनेशियात पोहोचली. तेव्हाही बाळांकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

लक्ष गेले ते २०१५ मध्ये, ब्राझीलच्या ईशान्येकडील रेसिफे शहरात. व्हानेसा व्हान डर लिंडन या बालमेंदूतज्ज्ञ. डोक्याचा घेर फारच लहान असलेली, मेंदूत चुन्याचे ठिपके साठलेली बाळे त्यांच्याकडे येऊ लागली. कारण सापडेना. तेवढ्यात त्यांच्या आईचा फोन आला. आईही त्याच शास्त्रातल्या. त्यांनी एकाच दिवशी अशी सात बाळे पाहिली होती! दोघींनी मिळून बाळांच्या मातांना विचारायला सुरुवात केली, आणि कित्येकींना गरोदरपणी अंगावर उठलेले पुरळ आठवले. नोव्हेंबरमध्ये कांपिना ग्रांदे इथल्या आद्रियाना मेलो यांनी दोन गरोदर स्त्रियांच्या गर्भजलाचे नमुने तपासायला पाठवले. त्यांत झिका निघाला. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने झिका हेच कारण असल्याचा निर्वाळा दिला. विषाणू वार ओलांडून गर्भात शिरतो आणि मेंदू ज्यांतून घडतो त्या मूळ पेशीच मारतो, हे प्रयोगशाळांत दिसून आले.

यानंतर फ्रेंच पॉलिनेशियाच्या दवाखान्यांतले जुने कागद पुन्हा उघडले गेले. लहान डोक्याच्या आठ गर्भांच्या वा बाळांच्या नोंदी मिळाल्या. त्यांतल्या सात साथ ओसरल्यानंतरच्या चारच महिन्यांतल्या होत्या. लँकेस्टरच्या जनगणनेसारखेच हे. नोंद होती, प्रश्न नव्हता.

प्रश्न विचारण्याचीही एक रीत असते, हे मला या वाचनातून कळले. आपल्याकडे व्यंग असलेले मूल जन्मले की पहिला प्रश्न आईला येतो, पण तो कसा? "ग्रहण पाळलं नव्हतंस का? चिरलंस का काही?" मी माझ्याच नात्यात हे ऐकले आहे, आणि ऐकून गप्प बसलो आहे. ग्रेग आणि लिंडन मायलेकींनीही आईलाच विचारले. मात्र "तू काय केलंस?" असे नाही, तर "तुला काय झालं होतं?" असे. पहिल्या प्रश्नाने बाई आयुष्यभर खाली मान घालते. दुसऱ्याने दोन आजारांचा छडा लागला. रेसिफेतल्या मातांनी तर मान वर करून आपला संघ उभारला. भरपाई आणि मुलांना आजीव वेतन देणारा कायदा व्हायला २०२५ साल उजाडले, तोही राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार संसदेने फेटाळल्यावर.

आता पुन्हा पुणे. महाराष्ट्रातला पहिला नोंदलेला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला. २०२४ मध्ये एकट्या पुणे शहरातली संख्या शंभरापुढे गेली आणि त्यांत गरोदर स्त्रिया बऱ्याच होत्या, कारण तपासणीत त्यांनाच अग्रक्रम होता. भिऊन जाण्याचे कारण नाही. लागण झालेल्या मातांच्या बाळांपैकी साधारण ५ ते १५ टक्के बाळांत परिणाम दिसतात, म्हणजे बहुसंख्य बाळे धडधाकट असतात. पण निश्चिंत राहावे असेही नाही. लस नाही, औषध नाही. आईला काहीही त्रास झाला नसला तरी बाळाला धोका असतोच. आणि ब्राझीलमध्ये जन्मतः डोक्याचा घेर ठीक असलेल्या, पण मेंदूवर परिणाम झालेल्या तेरा बाळांवर लक्ष ठेवले, तेव्हा त्यांपैकी अकरा बाळांचे डोके पुढच्या महिन्यांत वाढीत मागे पडले. म्हणजे जन्माच्या दिवशी "बाळ-बाळंतीण सुखरूप" असे लिहून वही मिटली, तर अर्धीच गोष्ट लिहिली जाते.

भाचीचा अहवाल निर्दोष आला. तिची मुलगी या दिवाळीत वर्षाची होते आहे. पण त्याच पावसाळ्यात, त्याच पेठांतून आणि उपनगरांतून ज्यांचे अहवाल वेगळे आले, त्यांची मुलेही आज वर्षाच्या आसपासची आहेत. डोक्याचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. डोळे आणि कान तपासायला महागडी यंत्रणा लागतेच असे नाही. हवी आहे ती एक वही, ज्यात आईच्या रक्ताच्या नमुन्याची तारीख आणि मुलाची पहिली काही वर्षे एकाच पानावर येतील.

"आधी कुणालाच कसं कळलं नाही?" या प्रश्नाचे उत्तर मी भाचीला अखेर दिले, ते थोडक्यात असे : अर्धी माहिती एका टेबलावर होती आणि अर्धी दुसऱ्या. ती ऐकून घेत म्हणाली, "म्हणजे मधे फक्त आई होती." मी वर्षभर वाचून जे म्हणू पाहत होतो, ते तिने लेकीला कडेवर घेऊन एका वाक्यात सांगितले.