बंद दारे उघडणारे भाऊसाहेब

वऱ्हाडात नुसते 'भाऊसाहेब' म्हटले की पुढचे नाव सांगावे लागत नाही. डॉ. पंजाबराव देशमुख २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी शेतकऱ्याच्या घरात जन्मले. आपण त्यांना पुतळ्यांत आणि जयंतीच्या भाषणांत पाहतो. मला मात्र ते एकच प्रश्न आयुष्यभर विचारणारे गृहस्थ वाटतात: हे दार कोणासाठी बंद आहे?

विलायतेत ते बॅरिस्टर झाले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर त्यांनी ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली. वेदांचा एवढा अभ्यास करून आलेला हा विद्वान १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून उभा राहिला. धर्म मुळातून वाचल्यावर दाराची कडी त्यांना धर्म वाटली नाही. त्याच वर्षी जातीबाहेरच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी विवाह करून त्यांनी सुधारणेची सुरुवात स्वतःच्या उंबरठ्यापासून केली.

जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. आपल्याकडचा वैशाख ज्याने सोसला आहे, त्याला या निर्णयाचे मोल समजावून सांगायला नको. १९३० साली ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. सावकार आणि कर्जदार शेतकरी यांच्यात मंडळापुढे तडजोड घडवणारा १९३३ चा कर्ज लवाद कायदा हे त्या काळातले मोठे काम. त्याच सुमारास अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि खेड्यातल्या पोरांना शाळा-कॉलेजची वाट मिळाली.

पुढे ते घटना समितीत होते आणि १९५२ ते १९६२ केंद्रात कृषी खाते सांभाळत होते. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापला, १९५९ साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. १० एप्रिल १९६५ रोजी ते गेले. १९६९ साली अकोल्यात त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ सुरू झाले.

आज वऱ्हाडात कापूस पिकवणाऱ्या कितीतरी घरांत एकाच पेटीत दोन कागद सापडतात. एक लेकीच्या पदवीचा, दुसरा बापाच्या कर्जाचा. पहिला भाऊसाहेबांच्या कामाची पावती आहे. दुसऱ्यापायी माणसे जीव देतात, तोवर त्यांचा प्रश्न आपल्या दारात उभाच आहे. हार घालताना एवढे तरी आठवावे.