नदीकाठची देवाची जमीन आणि वऱ्हाडचे जुने दप्तर

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. जमिनीचे मूळ मात्र शोधलेच पाहिजे. ती जमीन देवाची असेल आणि त्यातही नदीकाठची असेल, तर तिचे मूळ दुप्पट काळजीने शोधावे लागते. देव स्वतः तहसिलीत जाऊन आपली तक्रार सांगत नाही. नदी तर वाहता वाहता एका काठाची माती घेते आणि दुसऱ्या काठाला लावते. देवळाचा जीर्णोद्धार करताना दगड, विटा, सिमेंट, कळस या सर्वांचा हिशेब होतो. ज्या भुईवर हे सर्व उभे राहते, त्या भुईच्या कागदाचा हिशेब मात्र बहुधा राहून जातो. वऱ्हाडच्या भूमीत हा कागद कसा तयार झाला आणि आज तो कोठे सापडतो, हे गावकऱ्यांना व दात्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

वर्धामाईचा काठ

तिवसा तालुक्याला वर्धा नदीचे मोठे वरदान आहे. याच नदीच्या पश्चिम काठावर श्रीक्षेत्र कौंडण्यपूर वसले आहे. रुक्मिणीमातेचे माहेर म्हणून महाराष्ट्रभर या गावाची ख्याती असून येथून रुक्मिणीमातेची पालखी आषाढीला पंढरपुरास जाते. १९६० नंतरच्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षित यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळाच्या व त्याहूनही आधीच्या वस्तीचे अवशेष मिळाले. म्हणजे या काठावर माणूस दोन हजार वर्षांहून अधिक काळ नांदत आला आहे. नदीकाठी देऊळ, देवळाला पायऱ्यांचा घाट, घाटाशेजारी गुरांचे पाणवठे आणि थोड्या अंतरावर देवाच्या दिवाबत्तीसाठी दिलेले शेत, अशी मांडणी आपल्या मुलुखात अनेक गावी आढळते. एकाच ठिकाणी असलेल्या या चार गोष्टींचे हक्क मात्र चार प्रकारचे आहेत. तंट्याचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

एक नदी, दोन दप्तरे

मराठेशाहीच्या काळात वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल चाले. वसूल दोघे वाटून घेत, म्हणून लोक त्याला दुअमली म्हणत. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलुखावरील हक्क भोसल्यांना सोडावा लागला. पुढे १८२२ च्या तहाने वर्धा नदी ही सरहद्द म्हणून पक्की झाली. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पलीकडचे नागपूर राज्य खालसा होऊन पुढे १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. राज्य एक झाले, तरी दोन्ही काठांचे जमीन कायदे वेगळेच राहिले.

हा वेगळेपणा समजून घेतल्याशिवाय जुने कागद उलगडत नाहीत. पश्चिम काठावर, म्हणजे वऱ्हाडात, १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली. शेतवार सर्व्हे नंबर पडले, प्रत्येक नंबरावर आकार बसला आणि तो भरणारा शेतकरी सरकारदरबारी थेट खातेदार झाला. ही रयतवारी पद्धत होय. पूर्व काठावर, आर्वीकडे, मालगुजारी पद्धत होती. तेथे गावचा मालक मालगुजार. गावाची पडीत जमीन, झाडझाडोरा, तलाव यांवर त्याची सत्ता चाले. म्हणून आर्वीकडील गावी घाटाचा वा तलावाचा जुना हक्क शोधायचा तर मालगुजाराचे कागद पाहावे लागतात. तिवसा भागातील गावी तो शोध सर्व्हे नंबर, गाव नकाशा आणि पाटील-पांड्यांच्या दप्तरातून घ्यावा लागतो. मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून संपली आणि ते हक्क सरकारजमा झाले. दोन्ही काठांना एकच महसूल कायदा मिळाला तो १९५४ साली, मध्य प्रदेशच्या राजवटीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ लागू झाला.

इतकी स्थित्यंतरे झाली, तरी मोजणीत पडलेल्या सर्व्हे नंबराचा माग जुन्या कागदांतून आजही काढता येतो. वऱ्हाडात अजूनही सरकारी चराईच्या जमिनीला लोक ‘ई-क्लास’ म्हणतात. तो शब्द जुन्या वऱ्हाडी वर्गवारीतून आला आहे. राज्ये बदलली, पण दप्तराचा शब्द लोकांच्या तोंडी टिकून राहिला.

देवाच्या नावाचा कागद

पूर्वी देवस्थानाला जमीन मिळे ती इनाम म्हणून. पूजाअर्चा, नंदादीप, उत्सव चालावा, हा तिचा हेतू. इंग्रजी अंमलात इनामांची चौकशी होऊन ज्यांचे हक्क शाबीत झाले त्यांना सनदा मिळाल्या. धार्मिक इनामाची अट साधी होती. सेवा चालू तोवर इनाम चालू. हे कागद बहुधा मोडी लिपीत असून त्याहून जुने काही फारसीतही असतात. घरोघरीच्या पेट्यांत असे कागद वाळवीच्या तोंडी पडले आणि त्याबरोबर देवाचा पुरावाही गेला.

कायद्याच्या दृष्टीने देव हा अज्ञान बालकासारखा आहे. त्याच्या नावे मालमत्ता राहू शकते, पण कारभार मात्र दुसऱ्याने पाहावयाचा असतो. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलनेही मूर्तीला कायदेशीर व्यक्तित्व असल्याचे मानले. पुजारी, वहिवाटदार किंवा विश्वस्त हे सेवक होत, मालक नव्हेत. परंतु सातबाऱ्यावर देवाचे नाव वर आणि पुजाऱ्याचे नाव खाली असे लिहिता लिहिता दोन पिढ्यांत कित्येक ठिकाणी वरचे नाव गळाले आणि खालचे राहिले. पुढे त्या नावाला वारस लागले, वाटण्या झाल्या, खरेदीखते झाली. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट सांगितले की, देवस्थानाच्या जमिनीची मालकी देवाचीच असून महसुली दप्तरात मालक म्हणून पुजाऱ्याचे नाव लावण्याची आवश्यकता नाही. सातबारा पाहताना हा निर्णय ध्यानी ठेवावा.

देवस्थानाची संपत्ती लोकांच्या कल्याणासाठी वापरावी, हा विचार याच जिल्ह्यात जोमाने मांडला गेला. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ च्या सुमारास लढा दिला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात त्यांनी १९३२ साली हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. देवळाचे उत्पन्न एका घराचे नसून समाजाचे आहे, हे त्यामागचे सूत्र होते. आजची सार्वजनिक न्यासाची नोंदणी त्याच दिशेने जाणारी आहे. नोंदलेल्या न्यासाची मिळकत धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकवर लिहिली जाते. ती विकणे, बदलणे, बक्षीस देणे, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्याने देणे, यांपैकी काहीही धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय होत नाही.

कुळांची गोष्टही न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. विदर्भासाठी १९५८ चा कुळवहिवाट कायदा आला आणि १ एप्रिल १९६१ पासून कसणाऱ्या कुळाकडे मालकी जाण्याची वाट खुली झाली. सार्वजनिक पूजेसाठी असलेल्या न्यासाच्या जमिनींना कलम १२९ ची सवलत होती, पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागे. प्रमाणपत्र नसेल तर ही सवलत सांगता येत नसे. ज्याने घाम गाळला त्याला कायद्याने हक्क दिला असेल, तर त्या कुळाला देवाच्या नावाने दूषण देणे योग्य नव्हे. देवस्थानाने आधी आपले प्रमाणपत्र आहे की नाही, ते पाहावे.

पाणी कोणाचे, काठ कोणाचा

आता नदीच्या हक्काकडे वळू. महसूल अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले, तलाव यांचे तळ आणि त्यांतील वाहते व साचलेले पाणी, ज्यावर अन्य कोणाची मालकी शाबीत नाही, ते सर्व शासनाचे आहे. म्हणजे देऊळ काठावर असले तरी नदीचे पात्र देवळाचे होत नाही. घाटाच्या पायऱ्या देवस्थानाने बांधल्या असल्या तरी खालची जमीन कोणाच्या नंबरात पडते, हे गाव नकाशा आणि मोजणीच सांगू शकते.

नदी माती आणून टाकते त्या नव्या भुईला मळई म्हणतात. काठाच्या खातेदाराला अशा मळईचा तात्पुरता उपयोग करता येतो. पण ती एक एकराच्या वर गेली की तिची विल्हेवाट जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती जाते. ती द्यावयाची झाल्यास आधी काठाच्या खातेदारालाच देऊ करावी लागते. उलट नदीने शेत कापून नेले आणि नुकसान निदान अर्ध्या एकराचे असले, तर आकार कमी करून मागता येतो. देवाचे शेत दरसाल थोडे थोडे नदीत जात असेल आणि कोणी अर्जच केला नाही, तर कागदावर पाच एकर आणि भुईवर तीन एकर अशी स्थिती होते. मग शेजाऱ्याने धुरा कोरला असा संशय येतो आणि दोष नदीचा असता भांडण माणसांत लागते.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर्धेच्या रेतीत डांगरवाड्या लागतात. रेतीत राबणाऱ्या धीवर-भोई कुटुंबांचे पोट त्यावर चालते. पात्र शासनाचे असल्याने त्यांना देवस्थानाने अडवणे कायद्याला धरून नाही, आणि धर्मालाही धरून नाही. गुरांचा पाणवठा, नदीवर जाण्याची पांधण, मासे धरण्याची वहिवाट यांसारख्या गावाच्या जुन्या चालीही दप्तरात सापडू शकतात. विदर्भात यासाठी दोन खास कागद आहेत : निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. सरकारी जमिनीवरील चराई, सरपण, माती-मुरूम यांच्या सवलती पहिल्यात असतात. खासगी जमिनीतून व पाण्यातून येण्याजाण्याच्या, ओलिताच्या आणि मासेमारीच्या चाली दुसऱ्यात असतात. घाटाला कुंपण घालण्याचा विचार कोणाच्या मनात आलाच, तर हे दोन कागद आधी वाचावेत.

वरच्या अंगाला मोर्शीजवळ सिंभोरा येथे अप्पर वर्धा धरण झाले आहे. आता पुराचे पाणी पावसावर तसेच धरणाच्या दरवाजांवरही अवलंबून असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करू नये, असा नियम आहे. सभामंडपाचा पाया खणण्यापूर्वी पाटबंधारे खात्याकडून ही रेषा समजून घेतल्यास दात्यांचा पैसा पाण्यात जाणार नाही.

दप्तर कसे शोधावे

शोध आजपासून मागे न्यावा. प्रथम तलाठ्याकडून किंवा संगणकावरून चालू सातबारा व आठ-अ घ्यावा. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक असतात. ते धरून नमुना सहामधील एकेक नोंद काढावी आणि नाव केव्हा, कशाच्या आधारे बदलले ते पाहावे. नमुना तीनमध्ये दुमाला म्हणजे इनाम जमिनींची नोंद असते. त्यामागे जायचे तर तहसील कार्यालयाच्या अभिलेखागारातून १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि जुनी पेरेपत्रके मागावीत. गाव नकाशा, आकारबंद व मोजणीचे टिपण भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे मिळते. दानपत्र किंवा खरेदीखत असेल तर दुय्यम निबंधकाकडील सूची चाळावी. शेवटी हे सर्व परिशिष्ट एकशी ताडून पाहावे. मिळकतीत किंवा विश्वस्तांत बदल झाला असेल तर तो नव्वद दिवसांत कळवावा लागतो.

मोजमापातही गफलत होते. जुन्या कागदात एकर-गुंठे, नव्यात हेक्टर-आर. ४० गुंठ्यांचा एक एकर आणि सुमारे २ एकर १९ गुंठ्यांचा एक हेक्टर. म्हणजे जुने ५ एकर नव्या सातबाऱ्यात २ हेक्टर २ आर एवढे दिसले पाहिजेत. आकडा याहून कमी असला तर उरलेली भुई नदीत गेली, रस्त्यात गेली की दुसऱ्याच्या नावे गेली, याचे उत्तर फेरफारात शोधावे. मोडी कागद वाचण्यासाठी जाणकाराची मदत घ्यावी. तो वाचता आला नाही म्हणून जुना रद्दीत टाकू नये.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरे. पण ती चढावी लागू नये म्हणून तहसिलीची पायरी वेळेवर चढावी लागते. नव्या देवळाच्या कपाटात जमाखर्चाच्या वहीबरोबर एक फाईल असावी. तीत सातबारा, फेरफाराच्या नकला, सनद, प्रमाणपत्र, मोजणीचा नकाशा आणि निस्तार पत्रक लावलेले असावे. ती फाईल दरवर्षी उत्सवाच्या सभेत सर्वांसमक्ष उघडावी. देवाचे काय आहे हे गावाला कळेल, आणि नदीचा घाट, पाणवठा व पांधण हे सर्व गावाचे आहे, हेही कळेल. दात्याने दिलेला प्रत्येक रुपया मग देवाच्याच भुईवर उभा राहील. कळसाला ऊन-पाऊस सोसावा लागतो म्हणून त्याची डागडुजी होते. कागदाची डागडुजीही तितकीच निष्ठेने होत राहिली, तर जीर्णोद्धाराचे पुण्यकार्य पुढच्या पिढ्यांपर्यंत अबाधित पोहोचेल.