धुराचा माग : हिंदी महासागरावरील तपकिरी ढगाची कथा

जानेवारी ते मार्च या काळात भारतीय उपखंडावरील वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. पाऊस नसल्याने हवेतील धूर धुऊन निघत नाही. वाऱ्याबरोबर तो हजार किलोमीटरहून दूर, थेट मालदीव बेटांपर्यंत जाऊन पोहोचतो. या धुराचा व्यापक व पद्धतशीर माग १९९९ साली ‘इंडोएक्स’ म्हणजेच हिंदी महासागर प्रयोग या आंतरराष्ट्रीय मोहिमेने घेतला. भारतीय वंशाचे हवामानशास्त्रज्ञ व्ही. रामनाथन आणि रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विजेते पॉल क्रुट्झेन हे तिचे सूत्रधार होते.

आकाशातील प्रदूषण उपग्रहाला एका दृष्टिक्षेपात दिसते. काळ्याभोर समुद्रावर धुक्याचा थर असला की परावर्तित होणारा प्रकाश वाढतो आणि त्यावरून थराची दाटी मोजता येते. या कामासाठी ‘मेटिओसॅट-५’ हा युरोपीय उपग्रह हिंदी महासागरावर आणून ठेवण्यात आला होता. परंतु उपग्रहाची ही नजर वरून खाली पाहणारी. धूर नेमका किती उंचीवर आहे, त्यात काजळी किती, गंधकाचे क्षार किती, हे तिला नीटसे उमगत नाही. (उंचीचा प्रश्न पुढे २००६ साली सोडलेल्या ‘कॅलिप्सो’ उपग्रहाने लेझर किरणांच्या साहाय्याने बराचसा सोडवला. त्याचे काम २०२३ पर्यंत चालले.)

ही उणीव विमानांनी भरून काढली. मालदीवमधून उडणारे अमेरिकी ‘सी-१३०’ विमान धुराच्या थरातून वर-खाली जात हवेचे नमुने घेई. ‘सागरकन्या’ हे भारतीय संशोधन जहाजही मोहिमेत होते. मात्र विमान दिवसाकाठी काही तासच उडते, मग ते पाठवायचे कुठे? ते ठरविण्यास संगणकीय प्रारूपाची मदत झाली. उपग्रहाने टिपलेली धुराची दाटी आणि वाऱ्यांची आकडेवारी प्रारूपात भरून पुढील दिवसांत धूर कोठे असेल याचे भाकीत केले जाई व त्यानुसार उड्डाणे आखली जात.

धुराचा थर सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेला आढळला. विषुववृत्ताजवळ, जेथे उत्तरेकडील व दक्षिणेकडील वारे एकमेकांना भिडतात, त्या पट्ट्यापलीकडची हवा मात्र स्वच्छ होती.

खरा वाद पुढेच पेटला. २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘आशियाई तपकिरी ढग’ या नावाने अहवाल प्रसिद्ध केला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जे. श्रीनिवासन व सुलोचना गाडगीळ यांनी त्यावर हरकत घेतली. असे धुके जगात इतरत्रही आढळते आणि एका हंगामातील निरीक्षणांवरून मान्सूनबाबत मोठे निष्कर्ष काढणे योग्य नाही, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. ती टीका अनाठायी नव्हती. पुढे या प्रकल्पाच्या नावातून ‘आशियाई’ हा शब्द गेला व ‘वातावरणीय तपकिरी ढग’ असे नाव आले.

त्याहून जिव्हाळ्याचा प्रश्न होता तो दोषाचा. ही काजळी कोणाची? समुद्रावर घेतलेल्या नमुन्यांच्या रासायनिक विश्लेषणातून डिझेल व कोळशाकडे बोट दाखविले जात होते. मुंबईच्या आयआयटीतील चंद्रा वेंकटरामन व सहकाऱ्यांनी २००५ साली जळणाचा हिशेब मांडला, तेव्हा भारतातील काजळीचा सर्वांत मोठा स्रोत घरगुती चूल ठरली. म्हणजे लाकूडफाटा आणि गोवऱ्या. गिरण्या व मोटारी आवरायच्या की खेड्यापाड्यांतील स्वयंपाकघरे सुधारायची, हे या उत्तरावर अवलंबून होते. प्रारूपात उगमाचे आकडेच वादग्रस्त असतील, तर प्रारूप तरी काय निवाडा देणार!

तोड निघाली ती कार्बनच्या वयातून. कोळसा व खनिज तेलातील कार्बन कोट्यवधी वर्षे जुना असल्याने त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. लाकूड व शेण यांत तो असतो. स्टॉकहोम विद्यापीठाचे ऑर्यान गुस्टाफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मालदीवमधील हनिमाधू बेट आणि पुण्याजवळचा सिंहगड येथे गाळणकागदावर जमलेली काजळी तपासली. कार्बनयुक्त कणांपैकी सुमारे दोन तृतीयांश कण जैविक जळणातून आलेले निघाले. निव्वळ काजळीत हा वाटा मोजणीच्या पद्धतीनुसार निम्मा ते दोन तृतीयांश भरला. हे निष्कर्ष २००९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चुलीचा वाटा मोठा ठरला, तरी डिझेल व कोळसा निर्दोष सुटले नाहीत.

दरम्यान, मार्च २००६ मध्ये रामनाथन यांच्या गटाने मालदीववर तीन वैमानिकरहित विमाने एकाच वेळी ढगाच्या वर, ढगात आणि ढगाखाली उडविली. काजळीमुळे खालच्या वातावरणाचे सूर्यकिरणांनी होणारे तापणे सुमारे ५० टक्क्यांनी वाढते, असे त्यातून दिसले. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके हवेत रेंगाळतो. काजळीचे आयुष्य काही दिवस ते एक-दोन आठवड्यांचे असते, त्यामुळे उगम थांबला की हा थर त्याच हंगामात विरळ होऊ लागतो.