अमेरिकन राज्यव्यवस्थेचा पाया आणि दोन मराठी वाचक

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थ त्याग करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केलेला आहे. या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो. परंतु फुल्यांनी अमेरिकेकडून नेमके काय घेतले व काय बाजूस ठेवले, याची चर्चा क्वचितच होते.

अमेरिकन राज्यव्यवस्थेचा तात्त्विक पाया युरोपीय आहे. जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता हे माणसाचे निसर्गदत्त हक्क असून त्यांच्या रक्षणासाठी लोकांच्या संमतीने शासन निर्माण होते, असे जॉन लॉकने मांडले. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात थॉमस जेफर्सनने सर्व माणसे समान असल्याचे घोषित केले. तेथे लॉकच्या ‘मालमत्ते’च्या जागी ‘सुखाचा शोध’ आला. पुढे १७८७ च्या राज्यघटनेने माँतेस्क्यूचे सत्ताविभाजनाचे तत्त्व स्वीकारले. एवढे सारे क्रमिक पुस्तकांत सापडते.

जाहीरनाम्यातून गळालेली मालमत्ता राज्यघटनेत मात्र परत आली. प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरविताना गुलामांची गणना तीनपंचमांश धरण्यात आली. १८०८ पूर्वी त्यांची आयात बंद करण्यास काँग्रेसला मनाई झाली. पळालेला गुलाम मालकाच्या स्वाधीन करण्याची तरतूद झाली. ‘गुलाम’ हा शब्द मूळ घटनेत एकदाही नाही. ही लाज म्हणावी की चतुराई, हे वाचकांनीच ठरवावे. या गुलामांत आफ्रिकेतून पकडून नेलेले मुसलमानही होते. सेनेगाल प्रदेशातील उमर इब्न सईद या विद्वानाने १८३१ मध्ये अमेरिकेत अरबी भाषेत आत्मचरित्र लिहिले, त्याचा आरंभ कुरआनमधील सूरह अल्-मुल्कने होतो. सारी सत्ता ज्याच्या हाती आहे त्या अल्लाहची थोरवी सांगणारी सूरह एका गुलामाने का निवडली असेल, हे समजण्यास भाष्यकाराची गरज नाही. गुलाम म्हणूनच त्याचा अंत झाला.

या व्यवस्थेचा आर्थिक कणा दक्षिणेचा कापूस होता आणि येथे आपल्या तापी खोऱ्याचा संबंध येतो. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. आमच्या बऱ्हाणपूरला लागून असलेल्या खानदेशात व वऱ्हाडात कापसाचा पेरा वाढला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. सट्टेबाज बुडाले, त्यांच्याबरोबर शेतकरीही बुडाला. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची कारणे सांगताना इतिहासकार या मंदीचा उल्लेख करतात.

फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली ती या काळात. थॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ त्यांनी १८४७ मध्येच वाचला होता. त्यांचे नाते जुळले ते पेनसारख्या बंडखोराशी, घटनाकारांशी नव्हे. माझ्या मते ही निवड अचूक होती. त्यांनी ग्रंथ अमेरिकन राज्याला अर्पण केला नाही. त्या राज्याचा अन्याय दूर करण्यासाठी झिजलेल्या लोकांना केला. १८६५ ते १८७० या काळातील तेरावी, चौदावी व पंधरावी घटनादुरुस्ती तेव्हा ताजी होती. १८७७ नंतर दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचा मताधिकार पद्धतशीरपणे हिरावला जाईल, हे पुण्यात बसून दिसणे शक्य नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना ते दिसले. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी तेथील प्राध्यापक चार्ल्स बिअर्ड यांचा अमेरिकन राज्यघटनेची आर्थिक मीमांसा करणारा ग्रंथ निघाला. घटनाकारांचे हितसंबंध कर्जरोखे, जमीन व व्यापार यांत गुंतले होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील इतिहासकारांनी त्याचा बराच तपशील खोडला, प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

आंबेडकरांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन सिद्ध केले. त्यात देशाचे नावच ‘युनायटेड स्टेट्स ऑफ इंडिया’ आहे. इंग्लंडच्या धर्तीचे मंत्रिमंडळ भारतात कायमच्या जातीय बहुमताच्या हाती जाईल, म्हणून अमेरिकेप्रमाणे ठराविक मुदतीचे कार्यकारी मंडळ त्यांनी सुचविले. अल्पसंख्याकांचे मंत्री त्या त्या समाजाच्या आमदारांनी निवडावेत. बहुसंख्याकांचे मंत्री मात्र संपूर्ण सभागृहाने. म्हणजे बहुसंख्य समाजाचा मंत्रीसुद्धा अल्पसंख्याकांच्या मतांवाचून ठरू नये! शेतजमीन, मूलभूत उद्योग व विमा राज्याच्या मालकीचे असावेत आणि हे घटनेतच लिहावे, असाही आग्रह होता. बहुमताच्या जुलमाची भीती जेम्स मॅडिसनलाही होती. परंतु त्याला चिंता होती ती मुख्यतः मालमत्ताधारकांची. आंबेडकरांनी तेच शस्त्र मालमत्ता नसलेल्यांच्या हाती दिले.

घटना समितीने हा आराखडा स्वीकारला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना आंबेडकरांनीच, स्थैर्यापेक्षा जबाबदारीला महत्त्व देत, संसदीय पद्धतीचे समर्थन केले. आर्थिक तरतुदींचा अवशेष ३८ व ३९ या, न्यायालयात दाद मागता न येणाऱ्या, कलमांत उरला. धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा १९४९ मध्ये वगळण्यात आल्या. त्यांच्या वाट्याला मूलभूत हक्क म्हणून २९ व ३० ही कलमे आली, आणि आपल्यासारख्या शिक्षणसंस्था आज त्या ३० व्या कलमाच्याच आधारे उभ्या आहेत.