नागपूरच्या भूमीतील सोने : नाहीशा झालेल्या पर्वतांचा इतिहास

(धागा)

१/ नागपूरचा इतिहास सांगताना आपण रघूजी भोसल्यांपासून, फार तर गोंड राजा बख्त बुलंद शाह यांच्यापासून आरंभ करतो. आज त्याहून फार मागे जायचे आहे. प्रश्न साधा आहे : वैनगंगेच्या खोऱ्यात, नद्यांच्या वाळूत सोन्याचे कण कोठून आले?

२/ प्रथम सीताबर्डीची टेकडी पाहू. नोव्हेंबर १८१७ मध्ये जिथे अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली, ती ही टेकडी काळ्या बसाल्टची आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तो थर. सह्याद्री घडवणारा हा दगड नागपूरपाशी जवळजवळ संपतो.

३/ शहराच्या पूर्वेस निघालो की भूमी बदलते. उमरेड, भिवापूर, भंडारा, साकोली या बाजूस लाव्हाच्या कित्येक पटींनी जुने खडक उघडे पडतात. त्यांतील एका त्रिकोणी पट्ट्याला भूवैज्ञानिक ‘साकोली पट्टा’ म्हणतात. तो एका प्राचीन पर्वतरांगेचा उरलेला पाया आहे.

४/ पर्वत आणि सोने यांचा संबंध काय? भूकवचात सोने सर्वत्र असते, पण इतके विरळ की एक टन खडकात जेमतेम काही मिलिग्रॅम. खाण चालवायची तर टनामागे काही ग्रॅम तरी हवेत. म्हणजे निसर्गाला ते साधारण हजारपट एकवटावे लागते. हे काम पर्वत घडताना होते.

५/ भूखंड एकमेकांवर रेटले जातात, तेव्हा समुद्रतळाचा गाळ आणि जुना लाव्हा दाबला जाऊन अनेक किलोमीटर खोल जातो. तिथल्या उष्णतेने खनिजांत बांधलेले पाणी मोकळे होते. त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो, गंधक असते. सोने या गंधकाशी जोडले जाऊन पाण्याबरोबर प्रवास करू लागते.

६/ वर येण्याची वाट म्हणजे भूकवचातील भेगा. दाब साचतो, भूकंप होतो, भेग उघडते, पाणी वर उसळते. दाब अचानक उतरला किंवा वाटेत लोहयुक्त खडक भेटून त्याने गंधक ओढून घेतले की सोने द्रावात राहू शकत नाही. ते गारेच्या शिरांत आणि माक्षिकाच्या कणांत स्थिरावते. मग भेग मिटते, पुन्हा दाब साचतो. हे चक्र असंख्य वेळा फिरते.

७/ याचे भारतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कर्नाटकातील कोलार. तेथील आधुनिक खाणकाम १८८० मध्ये सुरू झाले आणि २००१ मध्ये थांबले. खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. आज तिथे उंच पर्वत दिसत नाही. तो कधीच झिजून गेला. त्याच्या मुळांत साठलेले सोने तेवढे उरले.

८/ पर्वत झिजतो तेव्हा शिरांतील सोन्याचे काय होते? गार फुटते, वाळू होते, वाहून जाते. सोने मात्र गंजत नाही, आणि सारख्या आकाराच्या गारेच्या कणापेक्षा सातपट जड असते. त्यामुळे नदीचा वेग जिथे मंदावतो, त्या वळणावर किंवा खडकाच्या खाचेत ते मागे राहते.

९/ हे ज्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते, ते म्हणजे सोनझारी. उथळ लाकडी पात्रात वाळू घ्यायची, पाण्यात हलवत हलकी वाळू काढून टाकायची आणि तळाशी राहिलेल्या काळ्या रेतीत पिवळा कण शोधायचा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या चतुःखंडी ग्रंथात या समाजाची नोंद केली आहे.

१०/ ग्रंथातून आपल्याला समाजाचे नाव मिळते, माणसांची नावे मिळत नाहीत. कोणत्या नाल्यात कण सापडतात, पुरानंतर कोणते वळण पाहावे, हे ज्ञान मोलाचे होते; तरी दिवसभर वाकून मिळणारे सोने गुंजेच्या हिशेबातले. सोने धुणारा समाज सोन्याने श्रीमंत झाला नाही.

११/ नावाने ठाऊक असलेला या प्रदेशाचा पहिला मोठा भूशास्त्र-अभ्यासक म्हणजे स्टीफन हिस्लॉप. हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. टाकळी येथील जीवाश्म, आसपासचे खडक, गोंडांच्या परंपरा, शिळावर्तुळे या साऱ्यांत त्यांना रस होता. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

१२/ पुढे नागपूरचे भाग्य उजळले ते सोन्याने नव्हे, मँगनीजने. रामटेकजवळच्या मनसरसारख्या खाणी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाल्या. हे मँगनीजही प्राचीन समुद्रतळावर साठलेले आणि पर्वत घडताना भाजून निघालेले. अशा एका खडकाला फर्मर या भूवैज्ञानिकाने गोंडांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले.

१३/ सोन्याचा शोध थांबला नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने साकोली पट्ट्यात, नागपूर जिल्ह्यातील किटाडी, मरूपार, परसोडी या भागांत मूळ खडकातील सोन्याची नोंद केली. सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय नागपुरातच आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या खनिज समन्वेषण महामंडळाचे मुख्यालयही.

१४/ तरीही आज महाराष्ट्रात सोन्याची एकही चालू खाण नाही. खडकात सोने असणे आणि ते काढणे परवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिरा बारीक असतात, तुटक असतात. आणि वर शेते, तलाव, जंगल आहे. ‘सोने सापडले’ अशी बातमी वाचाल तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारा : टनामागे किती ग्रॅम? आणि वर कोण राहते?

१५/ नागपूरहून भंडाऱ्यामार्गे साकोलीला जाताना रस्त्याच्या कडेला पांढऱ्या गारेची शीर दिसली तर क्षणभर थांबा. बहुतेक शिरांत सोने नसते. पण एकेकाळी त्या भेगेतून पर्वताच्या पोटातले ऊन पाणी वाहत होते, आणि तिथून सुटलेला एखादा कण शोधत कोणी सोनझारी वैनगंगेच्या वाळूत वाकला होता. आपल्या प्रदेशाच्या इतिहासात या दोघांनाही जागा हवी.

धागा समाप्त. आपल्या गावाकडे सोनझारी समाजाच्या आठवणी असतील, तर खाली अवश्य लिहा.