रोज सकाळी उठून उभी राहणारी ‘देवी’ : सित्रोएन डीएस आणि तिच्या मालकांचा इतिहास (दीर्घ धागा)

१९५०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमधील एखाद्या डॉक्टराच्या वा वकिलाच्या दारात सकाळच्या प्रहरी एक चमत्कारिक दृश्य दिसत असे. रात्री ऐटीत उभी करून ठेवलेली मोटार सकाळी पोट जमिनीजवळ नेऊन बसलेली असे. मालक आत शिरे, इंजिन चालू करी आणि स्वस्थ बसून राही. काही क्षणांनी मोटारीचा मागचा भाग हळूच वर उचलला जाई, त्यापाठोपाठ पुढचा. बसलेला उंटही असाच आधी मागच्या पायांवर उठतो. गाडी पुरती उभी राहिली, की मगच मालक निघे.

यात बिघाड काहीच नसे. सित्रोएन डीएस ही गाडी मुळात अशीच होती. तिच्या मालकाला मोटार चालवण्याआधी तिचा स्वभाव शिकून घ्यावा लागे, आणि त्या स्वभावाने काही वर्षे कंपनीची अब्रू पणाला लावली होती. हा इतिहास त्या स्वभावाचा आहे.

आधी नावाविषयी. ‘डी’ आणि ‘एस’ ही दोन अक्षरे फ्रेंचमध्ये ‘देएस’ अशी उच्चारली जातात, आणि त्याच उच्चाराचा एक फ्रेंच शब्द आहे, ज्याचा अर्थ होतो देवी. १९५५च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या ग्रां पालेमध्ये भरलेल्या मोटार प्रदर्शनात ही देवी प्रथम लोकांपुढे आली. पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० मागण्या नोंदल्या गेल्याचे सांगितले जाते. रोलां बार्थसारख्या विचारवंताने तिच्यावर निबंध लिहिला आणि मोटारींची तुलना मध्ययुगीन गॉथिक कॅथेड्रलांशी केली. तिचे रूप घडवणारा फ्लामिनियो बेर्तोनी हा इटालियन गृहस्थ मूळचा शिल्पकार, हे गाडीकडे नुसते पाहिले तरी पटते.

त्या काळच्या फ्रान्समध्ये मोठ्या इंजिनांवर जबर कर होता. दलाहायसारखी जुनी ऐटबाज मोटारघराणी त्या दशकात मिटत चालली होती. मंत्री, अधिकारी, डॉक्टर, कारखानदार यांना प्रतिष्ठेची गाडी हवी होती, परंतु मोठे इंजिन परवडण्याजोगे नव्हते. सित्रोएनने तिढा वेगळ्या मार्गाने सोडवला. इंजिन साधेच, १९११ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, आधीच्या ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ या १९३४च्या गाडीच्या वंशातले. श्रीमंती ओतली ती बाकी सगळ्या यंत्रणेत. देवीच्या छातीत शेतकऱ्याचे हृदय होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता त्या यंत्रणेकडे वळू. इतर मोटारींत चाकांवर पोलादी स्प्रिंग किंवा पाटे असत. डीएसच्या प्रत्येक चाकाशी एक पोलादी गोळा होता. गोळ्याच्या आत रबराचा पडदा. पडद्याच्या एका बाजूस कोंडलेला नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूस तेल. चाक खड्ड्यात आदळले की तेल पडद्यावर दाब देई, वायू आकसे आणि पुन्हा फुगे. स्प्रिंगचे काम वायू करी. गाडीत चार माणसे जास्त बसली, डिकीत सामान भरले, तरी उंची नियंत्रित करणाऱ्या झडपा नेमके तेवढेच तेल आत सोडत आणि गाडी पुन्हा ठरल्या पातळीवर येई. तेलाला दाब देण्यासाठी इंजिनवर चालणारा पंप असे. हा दाब दीडशे बारच्याही वर जाई. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते, हे ध्यानात घेतले की या आकड्याचा धाक कळतो.

हे सारे ज्याच्या डोक्यातून निघाले त्या पॉल माजेसकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. वयाच्या १७व्या वर्षी तो सित्रोएनमध्ये नोकरीस लागला आणि जे शिकला ते कामावर शिकला. कदाचित म्हणूनच ‘हे होणार नाही’ असे त्याला कोणी शिकवले नसावे. १९५४मध्ये कंपनीने त्याच्या निलंबन-यंत्रणेची चाचणी जुन्या त्राक्सियाँच्या सहा सिलिंडरी मॉडेलवर, तीही फक्त मागच्या चाकांपुरती, ग्राहकांच्या हाती दिली. वर्षभरात डीएसमध्ये तिचा पसारा कितीतरी वाढला. त्याच तेलाच्या दाबावर चाके तरंगत, ब्रेक लागत, स्टिअरिंग हलके होई आणि गिअरही बदलले जात.

साहजिकच चालकाला सगळेच नव्याने शिकावे लागले. क्लचचा पेडल नव्हताच. स्टिअरिंगच्या मागे वरच्या अंगाला असलेली बारीक दांडी गिअर बदली, आणि तीच दांडी डावीकडे ढकलली की इंजिनचा स्टार्टर फिरे. ब्रेकच्या जागी पेडलऐवजी रबराचे गोल बटण होते, जमिनीतून उगवलेल्या आळंब्यासारखे. ते खाली फारसे दबत नसे. पायाच्या नुसत्या जोरावर ब्रेकचा जोर ठरे. जुन्या सवयीने त्यावर पाय आपटणाऱ्याची गाडी जागच्या जागी थबके आणि आतली मंडळी पुढे झुकत. स्टिअरिंगच्या चक्राला एकच आरा होता.

पंक्चर झाले तर जॅक फिरवत घाम गाळण्याची गरज नसे. आतल्या एका दांड्याने गाडी सर्वांत उंच पातळीवर न्यायची, बाजूला एक टेकू लावायचा आणि दांडा सर्वांत खालच्या खुणेवर आणायचा. गाडी टेकूवर विसावे आणि त्या बाजूची चाके आपसूक जमिनीवरून वर उचलली जात. मागचे चाक काढण्यासाठी आधी संपूर्ण मागचे मडगार्ड उतरवावे लागे. ऐकायला भयंकर वाटते, परंतु ते एकाच बोल्टवर बसवलेले असे. एक मागचे चाक काढून तीन चाकांवर डीएस चालवून दाखवण्याचे खेळही पुढे पुष्कळ झाले.

इथवर सगळे अद्भुत. पण एकाच तेलावर चार कामे चालत असतील, तर एका गळतीने चारही अडतात.

पहिल्या दोन-तीन वर्षांत नेमके हेच घडले. कंपनीने गाडीचे गुपित इतके कसोशीने जपले होते, की विक्रेत्यांकडील मेकॅनिकांनाही ती जवळजवळ ग्राहकांबरोबरच दिसली. ज्यांनी हयातभर साध्या स्प्रिंगा, ग्रीस आणि नेहमीचे ब्रेक पाहिले, त्यांच्यापुढे एकदम नळ्यांचे जाळे येऊन पडले. कुठली नळी कशाची, दाब कुठे तुटला, काही उमगेना. त्यात जोखीमही होती. केवळ स्वतःच्या यंत्रणेच्या आधाराने उंच उभ्या असलेल्या डीएसखाली शिरून कोणी नळी सोडवली, तर गाडी अंगावर बसण्याची भीती. म्हणून काम सुरू करण्याआधी टेकू लावणे आणि दाब सोडण्याचा स्क्रू सैल करणे हा पहिला धडा ठरला. तो धडा सर्व गॅरेजांत पोहोचेपर्यंत गळणाऱ्या, रस्त्यात बसलेल्या गाड्यांच्या कथा फ्रान्सभर पसरल्या होत्या. प्रदर्शनात रांग लावणाऱ्यांनीच मग नाके मुरडली.

कंपनीने दोन मार्गांनी डाव सावरला. मेकॅनिकांना शिकवणे हा एक. दुसरा मार्ग म्हणजे १९५७मध्ये विक्रीस आलेली ‘आयडी’ ही साधी बहीण. तिचा फ्रेंच उच्चार ‘कल्पना’ या अर्थाच्या शब्दाशी जुळतो. सित्रोएनला शब्दांचे खेळ आवडत. आयडीत तरंगते निलंबन ठेवले, परंतु गिअर हाताने बदलायचे, क्लच पायाने दाबायचा, ब्रेकला नेहमीचे पेडल. भाड्याची टॅक्सी चालवणाऱ्याला आणि गावच्या गॅरेजवाल्याला ती झेपण्यासारखी होती. देवीचा बोलबाला टिकवण्यात या साध्या बहिणीचा वाटा जितका मानला जातो त्याहून मोठा असावा.

मग आली २२ ऑगस्ट १९६२ची संध्याकाळ. राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल, पत्नी इव्हॉन आणि जावई आलाँ द ब्वासिय एका डीएसमधून व्हिलाकुब्ले विमानतळाकडे निघाले होते. गाडीला चिलखती पत्रा नव्हता. चालक होता फ्रान्सिस मारू. पॅरिसजवळील पती-क्लामार येथे दबा धरून बसलेल्या हल्लेखोरांनी गोळीबार सुरू केला. दीडशेच्या आसपास गोळ्या झाडल्या गेल्या, चौदा गाडीला लागल्या, दोन टायर फुटले. मारूने वेग कमी केला नाही. गाडी हेलकावली, सावरली आणि निघून गेली. आतल्या कोणालाही इजा झाली नाही. कटाचा सूत्रधार झाँ बास्तियाँ-तिरी हा लष्करी सेवेतला शस्त्रास्त्र-अभियंता होता. अल्जीरियाला स्वातंत्र्य देण्याचे द गॉल यांचे धोरण त्याला द्रोह वाटे. ११ मार्च १९६३ रोजी त्याला गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला.

‘तरंगत्या निलंबनाने द गॉल वाचले’ असे सर्रास सांगितले जाते. हे विधान जरा तपासून घ्यावे. टायर फुटला की साधी मोटार फुटलेल्या बाजूला खेचली जाते, कारण चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष आणि टायर जमिनीला टेकतो ती जागा यांत अंतर असते. डीएसच्या पुढच्या चाकांत हे अंतर जवळजवळ नाहीसे केलेले होते; पुढचे ब्रेकही चाकातून काढून आत, इंजिनाच्या बाजूस नेले होते. त्यामुळे फुटक्या टायरनेही स्टिअरिंग हातातून हिसकले जात नसे. श्रेय वाटायचेच, तर निलंबनाइतकेच ते या रचनेला आणि त्याहून अधिक मारूच्या हातांना द्यावे लागेल. परंतु लोकांच्या मनात एक चित्र कायमचे ठसले. सकाळी दारात बसून राहते म्हणून जिची थट्टा होई, ती गाडी राष्ट्राध्यक्षांना घेऊन गोळ्यांतून पार झाली होती.

तरीही मालकांचा मुख्य शत्रू अजून शाबूत होता. तो म्हणजे तेलात मुरणारे पाणी. आरंभीचे तेल वनस्पतिजन्य होते; त्या काळी ब्रेकचे तेलही एरंडेलाच्या आधारावर बनत असे. त्यानंतर लाल रंगाचे कृत्रिम तेल आले. दोन्ही तेलांचा दोष एकच, हवेतला ओलावा ते शोषून घेत. टाकीत तेल दिसायला स्वच्छ, पण आत हळूहळू गंज धरे. या यंत्रणेतील झडपा इतक्या बारीक मापाने घासलेल्या असत, की कित्येक ठिकाणी रबरी सीलशिवायच धातूवर धातू सरकत तेल रोखे. अशा जागी गंजाचा एक कण पुरेसा होता. हेच लाल तेल रंगावर सांडले, तर रंगही उडे.

१९६६च्या उत्तरार्धात सित्रोएनने खनिज तेल आणले, रंगाने हिरवेगार. ते पाणी शोषत नसे, गंज धरू देत नसे आणि दीर्घकाळ टिके. मालकांच्या कटकटी खऱ्या अर्थाने येथून कमी झाल्या. अमेरिकेतील मालकांना मात्र १९६९पर्यंत वाट पाहावी लागली, कारण तेथील ब्रेकतेलाच्या नियमांत खनिज तेल बसत नव्हते. वळणावर स्टिअरिंगबरोबर फिरणारे, काचेआडचे पुढचे दिवे १९६७मध्ये युरोपात आले. तेही अमेरिकन कायद्याला मान्य नव्हते.

हिरव्या तेलाने एक नवा घोटाळाही जन्माला घातला. लाल तेलाला चालणारे रबर हिरव्याला चालत नाही आणि हिरव्याचे लालला. घाईत चुकीची बाटली ओतली, की सील फुगून वा विरघळून सगळी यंत्रणा निकामी. त्यामुळे नव्या यंत्रणेचे सुटे भागही हिरवे रंगवण्यात आले. कोणता भाग कशाचा, हे मेकॅनिकाला पाहताक्षणी कळावे यासाठी ही रंगाची लिपी होती.

दोषनिदानासाठी संगणक नव्हता, कान होता. इंजिन सुरू असताना दाब-नियंत्रक ठरावीक अवधीने ‘टक्’ असा आवाज करी. दोन टकांमध्ये बराच अवकाश असेल तर सारे आलबेल. टक-टक दर दोन-चार सेकंदांनी होऊ लागली, की मुख्य साठा-गोळ्यातील नायट्रोजन संपत आला असे समजावे, किंवा कुठे तरी तेल झिरपते आहे असे. नायट्रोजन रबरी पडद्यातून वर्षानुवर्षे कणाकणाने निसटतोच. दुसरी परीक्षा हाताची. गाडीचा कोपरा दाबावा. मऊपणे खाली जाऊन वर आला तर गोळा जिवंत, दगडासारखा हलेना तर वायू गेलेला. गोळा बदलला की ती गाडी पुन्हा गालिच्यासारखी चाले. जाणते मालक हे निदान स्वतः करत आणि मगच गॅरेजात जात, म्हणजे तिथे फसगत होत नसे.

देवीची ही विद्या इतरांनाही हवीशी वाटली. रोल्स-रॉइसने १९६५च्या सिल्व्हर शॅडोसाठी गाडी समपातळीत ठेवण्याची युक्ती सित्रोएनकडून परवान्यावर घेतली. डीएसचे उत्पादन १९७५च्या एप्रिलमध्ये थांबले, तोवर साऱ्या बहिणी मिळून साडेचौदा लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. तेल आणि वायूच्या गोळ्यांची ती परंपरा सित्रोएनच्या पुढच्या मॉडेलांत २०१७पर्यंत चालू राहिली.

आज जुनी डीएस विकत घेऊ पाहणारा जाणकार गाडीच्या चकाकत्या रंगाकडे शेवटी पाहतो. आधी तो बॉनेट उघडतो, तेलाच्या टाकीचे झाकण काढतो आणि आतला रंग बघतो, लाल की हिरवा. मग इंजिन सुरू करायला सांगतो आणि घड्याळ हातात घेऊन टक मोजत उभा राहतो.