बेळगांवचे फडेप्पा चौगुले

जिंकणाराचें नांव लोकांच्या तोंडीं राहतें. वाट पाडणाराचें नांव मात्र त्याच वाटेनें पुढें जाणारेहि विसरतात. बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे अशा विस्मृत वाट पाडणारांपैकीं एक होत.

१९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडोत्सवास सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. धांवणारे बहुतेक तरुण शेतांत राबणारे आणि साध्या भाकरीवर वाढलेले. शर्यतीचे विलायती नियम त्यांच्या कानांवरहि आलेले नव्हते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत तर बहुतेकजण अनवाणीच धांवले. तरीहि त्यांनीं घेतलेला वेळ युरोपांतील धांवपटूंच्या वेळेपासून फार दूर नव्हता. टाटांना याचें इतकें नवल वाटलें कीं, दहा वर्षांनंतर, १९२९ सालीं, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रांतहि त्यांनीं ही हकीकत सविस्तर सांगितली. ज्या देशाचे पाय इतके चिवट, त्यानें जागतिक स्पर्धेपासून दूर कां राहावें? या विचारानें त्यांनीं खटपट केली, पदरचा पैसा घातला, आणि १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांना हिंदुस्थानचें पहिलें पथक रवाना झालें. त्या इवल्याशा पथकांत चौगुले होते.

पथकानें प्रथम इंग्लंडांत मुक्काम करून सराव केला. परंतु दूध-भाकरीवर पोसलेल्या शरीरास परक्या अन्नाची आणि परक्या हवेची संवय एका उन्हाळ्यांत कितीशी व्हावी? शिवाय ज्यांच्याशीं गांठ पडावयाची, ते वर्षानुवर्षें शास्त्रोक्त शिक्षण घेऊन तयार झालेले.

२२ ऑगस्ट १९२० या दिवशीं मॅरेथॉन शर्यत झाली. हवा गार आणि पावसाची होती. या शर्यतीचें अंतर पुढें ४२.१९५ किलोमीटर असें कायमचें ठरलें. अँटवर्पचा मार्ग मात्र ४२.७५ किलोमीटरांचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासांत याहून लांब मॅरेथॉन झालेली नाहीं. ४८ जण निघाले आणि ३५ जण अखेरपर्यंत पोंचले. ज्यांना शर्यत मध्येंच सोडावी लागली, त्यांत चौगुल्यांचे सोबती सदाशिव दातार हेहि होते.

विजय फिनलंडच्या हान्नेस कोलेमाइनेन यांचा झाला. हे कोणी नवखे नव्हते. १९१२ सालींच स्टॉकहोम येथें त्यांनीं तीन सुवर्णपदकें मिळविलीं होतीं. त्यांना २ तास ३२ मिनिटें ३५ सेकंद लागले. चौगुले २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पोंचले आणि त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला. म्हणजे जगांतील सर्वश्रेष्ठ धांवपटू आणि बेळगांवचा हा तरुण यांच्यामध्यें अठरा मिनिटांचें अंतर होतें. दर किलोमीटरास सुमारें चार मिनिटें, ही गति त्यांनीं जवळ जवळ तीन तास टिकविली.

पदक न आणणाऱ्या धांवपटूची आठवण कशासाठीं ठेवावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पुढील इतिहासच देतो. १९२४ सालीं पॅरिस येथें महादेव सिंग एकोणतिसावे आले. त्यानंतरहि अनेकांनीं पराकाष्ठा केली. परंतु ऑलिंपिक मॅरेथॉनमध्यें एकोणिसाव्याहून वरचा क्रमांक भारतीय धांवपटूस मिळण्यास १९७६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं माँट्रिअल येथें शिवनाथ सिंग अकरावे आले. मध्यंतरीं देश स्वतंत्र झाला, क्रीडासंस्था निघाल्या, मार्गदर्शक आले. पण छपन्न वर्षें चौगुल्यांच्या पुढें कोणी गेलें नाहीं.

टाटांचें नांव या इतिहासांत आदरानें घेतलें जातें, आणि तें योग्यच आहे. देणाऱ्याच्या हाताबरोबर धांवणाऱ्याच्या पायांचेंहि स्मरण ठेवलें, तरच तो इतिहास पुरा होईल.